महापालिका अभियांत्रिकी सल्लागार कसा निवडते : दराचा लिफाफा उघडण्यापूर्वीच ठरणाऱ्या गोष्टी

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे : नाशिक महानगरपालिका पूल, जलवाहिन्या, मलनिस्सारण केंद्रे अशा कामांसाठी अभियांत्रिकी कंपन्यांची निवड नेमकी कशी करते, सर्वांत कमी दर भरणाऱ्यालाच काम मिळते हे खरे आहे का, आणि चार-पाच अभियंत्यांच्या नव्या संस्थेला यात शिरकाव कोठून करता येईल. सार्वजनिक कामांची संकल्पचित्रे आणि प्रकल्प अहवाल करणे हा माझा अनेक वर्षांचा व्यवसाय आहे. बहुतेक वेळा मी प्रस्ताव भरणाऱ्यांच्या बाजूला असतो, काही वेळा मूल्यमापन समितीत बाहेरचा तज्ज्ञ म्हणूनही बसलो आहे. दोन्ही बाजूंनी पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की निवड बहुतांशी दराचा लिफाफा उघडताना होत नाही. ती प्रस्ताव मागविण्याचा दस्तऐवज, म्हणजे कार्यालयात सगळे ज्याला आरएफपी म्हणतात तो, लिहिला जातो तेव्हाच होऊन गेलेली असते.

प्रथम ठेकेदार आणि सल्लागार यांची गल्लत दूर केली पाहिजे. ठेकेदाराच्या निविदेत काम काय आहे हे नकाशे, परिमाणे आणि राज्य दरसूची यांनी आधीच बांधलेले असते. सार्वजनिक बांधकाम विभागाकडून आलेल्या ‘बी-1’ नमुन्यात ठेकेदार अंदाजपत्रकीय दरापेक्षा किती टक्के कमी किंवा जास्त एवढेच लिहितो, तर ‘बी-2’ मध्ये बाबनिहाय दर भरतो. तांत्रिक लिफाफ्यात पात्र ठरलेल्यांपैकी ज्याचा दर सर्वांत कमी, त्याला काम, असा तेथे सरळ नियम आहे. दर फारच खाली असेल तर अतिरिक्त सुरक्षा अनामत घेतली जाते. सल्लागाराच्या बाबतीत मात्र काम काय आहे हेच त्याने ठरवून द्यायचे असते. पुलाचे गाळे (दोन खांबांमधील अंतरे) किती मीटरचे, पाया कोणत्या प्रकारचा, जलवाहिनी कोणत्या बाजूने न्यायची, हे त्याच्या अहवालातून ठरते. जे अजून ठरलेलेच नाही त्याचा सर्वांत कमी दर शोधण्यात अर्थ नसतो. म्हणून सल्लागारासाठी निवडीच्या पद्धती वेगळ्या आहेत.

अधिकारांची साखळी आधी सांगतो. महापालिका करार कोणत्या अधिकारात करते याचे उत्तर महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात, म्हणजे 1949 च्या मूळ मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियमात आहे. कलम 73 नुसार करार आयुक्त करतात, पण ठरावीक रकमेवरील कराराला 16 सदस्यांच्या स्थायी समितीची मान्यता लागते. मार्च 2022 मध्ये नाशिकच्या नगरसेवकांची मुदत संपल्यावर प्रशासक नेमले गेले, तेव्हा महासभा आणि स्थायी समिती यांचे अधिकारही त्यांच्याचकडे आले. त्या काळात पूर्वी ज्या प्रस्तावावर सभागृहात प्रश्न विचारले जात, तो राजीव गांधी भवनातच, म्हणजे महापालिकेच्या मुख्यालयातच, सुरू होऊन तेथेच मंजूर होत असे. यात वेग आला हे खरे. पण एखाद्या सदस्याने उभे राहून ‘हाच सल्लागार पुन्हा का’ असे विचारण्याची जी सोय होती, ती त्या काळात नव्हती. निविदा न मागविता थेट नेमणूक करण्याची वाटही कायद्यात आहे, परंतु तिच्यासाठी कारणे लेखी नोंदवावी लागतात आणि लेखापरीक्षणात पहिले बोट त्याच कागदावर ठेवले जाते.

शहरातील प्रत्येक मोठे काम महापालिकाच करते असे मात्र समजू नये. 2016 मध्ये स्थापन झालेली नाशिक म्युनिसिपल स्मार्ट सिटी डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन ही कंपनी कायद्याखालील स्वतंत्र कंपनी होती. तिचे निर्णय संचालक मंडळात होत, स्थायी समितीत नव्हे. त्र्यंबक नाका ते अशोक स्तंभ हा सुमारे 1.1 किलोमीटरचा स्मार्ट रस्ता तिचा. 2026-27 च्या सिंहस्थासाठी कुंभमेळा प्राधिकरण निराळे आहे. पाणीपुरवठा योजनांच्या तांत्रिक मान्यतेत महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाचा संबंध येतो. त्यामुळे निविदा वाचताना पहिल्या पानावर मालक कोण आहे ते पाहावे. देयक कोण देणार आणि वाद झाल्यास कोणापुढे जायचे, हे त्यावरूनच कळते.

निवडीच्या पद्धती मुख्यतः तीन. किमान तांत्रिक पात्रता गाठणाऱ्यांतून कमी शुल्काचा सल्लागार घेणे ही पहिली. नेहमीच्या, ठरीव स्वरूपाच्या कामाला ती चालते. गुणवत्ता आणि शुल्क या दोहोंना भारांक देऊन एकत्रित गुण काढणे ही दुसरी. तिला सगळे क्यूसीबीएस म्हणतात. थेट नामनिर्देशन ही तिसरी, अपवाद म्हणून. केंद्र सरकारच्या 2017 च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत या तिन्ही दिल्या आहेत आणि क्यूसीबीएसमध्ये गुणवत्तेचा भारांक 80 टक्क्यांपेक्षा अधिक ठेवता येणार नाही अशी मर्यादा आहे. हे नियम महापालिकेला थेट लागू नाहीत, पण केंद्राची शहरविकास योजना जेएनएनयूआरएम असो, स्मार्ट सिटी असो की अमृत, केंद्राच्या निधीबरोबर त्याची शिस्तही येते, आणि आरएफपी लिहिणारा उपअभियंता त्याच साच्यातून मसुदा उचलतो. अमेरिकेत संघराज्याच्या कामांसाठी 1972 पासून ब्रूक्स अधिनियम आहे. तेथे आधी केवळ पात्रतेवर क्रम लावतात, मग पहिल्या क्रमांकाच्या संस्थेशी शुल्काची बोलणी करतात, आणि ती फिसकटली तरच दुसऱ्याला बोलावतात. आपल्याकडे अशी बोलणी करणारा अधिकारी दुसऱ्याच दिवशी संशयाच्या फेऱ्यात येईल, म्हणून आपण आकड्यांचा आधार घेतो. आकडे निःपक्षपाती असतात अशी त्यामागची समजूत आहे. ती कितपत खरी आहे ते एका कल्पित उदाहरणाने दाखवितो.

नासर्डी नदीवरील एका पुलाच्या सविस्तर प्रकल्प अहवालासाठी तीन संस्था आल्या आहेत असे धरू. पहिलीला तांत्रिक मूल्यमापनात 85 गुण आहेत आणि तिचे शुल्क 1 कोटी 20 लाख रुपये आहे. दुसरीला 78 गुण, शुल्क 95 लाख. तिसरीला 72 गुण, शुल्क 70 लाख. आर्थिक गुण काढताना सर्वांत कमी शुल्काला 100 धरतात आणि बाकीच्यांना त्या प्रमाणात कमी देतात. म्हणजे तिसरीला 100, दुसरीला 73.7 आणि पहिलीला 58.3. आता भारांक 70:30 असेल तर पहिलीचे एकत्रित गुण 77.0, दुसरीचे 76.7 आणि तिसरीचे 80.4 येतात. गुणवत्तेला 70 टक्के वजन देऊनही तांत्रिकदृष्ट्या सर्वांत मागे असलेली, सर्वांत स्वस्त संस्था जिंकली. भारांक 80:20 केला तर पहिलीचे 79.7, दुसरीचे 77.1 आणि तिसरीचे 77.6 होतात, आणि काम पहिलीला जाते. आणि भारांक 70:30 च ठेवून किमान पात्रता गुण 70 ऐवजी 75 केले तर तिसरीचा दराचा लिफाफा उघडलाच जात नाही; मग सर्वांत कमी शुल्क 95 लाखांचे ठरते, पहिलीचे गुण 83.3 तर दुसरीचे 84.6 होतात, आणि काम दुसरीला मिळते. संस्था त्याच, त्यांचे प्रस्ताव तेच, समितीने दिलेले गुणही तेच. आरएफपीतील एकेक आकडा बदलला की विजेता बदलतो. यात लबाडी असलीच पाहिजे असे नाही. बहुधा मागील निविदेतील आकडा तसाच उतरविलेला असतो आणि तो तेथे का आहे हे कोणालाच ठाऊक नसते.

या गणितातील आणखी एक गोष्ट बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. समितीचे सदस्य सावधपणे गुण देतात. कोणाला फार खाली पाडावे आणि मग तक्रारींना तोंड द्यावे, असे कोणालाच वाटत नसते. त्यामुळे तांत्रिक गुण 70 ते 85 या पट्ट्यात गोळा होतात, तर शुल्कातील फरक मात्र दीडपट-दुप्पट असतो. गुणांची ही दाटी झाली की भारांक कागदावर काहीही असो, निकाल शुल्कच लावते. म्हणून ‘अनुभव : 30 गुण’ असे मोघम लिहिण्याऐवजी कोणत्या प्रकारच्या, किती मोठ्या कामाला किती गुण हे आरएफपीतच फोडून लिहिले पाहिजे. तसे केले की सदस्याला हात आखडता घेण्याची गरज उरत नाही आणि चांगल्या-वाईटातील अंतर गुणांत उतरते.

पात्रतेच्या अटींची कथा याहून जुनी आहे. केंद्रीय दक्षता आयोगाने डिसेंबर 2002 मध्ये ठेकेदारांच्या पूर्वपात्रतेसाठी एक मोजमाप सुचविले होते : मागील सात वर्षांत अंदाजित खर्चाच्या 40 टक्के रकमेची तीन, किंवा 50 टक्क्यांची दोन, किंवा 80 टक्क्यांचे एक समान स्वरूपाचे काम पूर्ण केलेले असावे, आणि तीन वर्षांची सरासरी वार्षिक उलाढाल खर्चाच्या 30 टक्के असावी. ठेक्याच्या कामासाठी हे वाजवी आहे. पण सल्लागाराच्या निविदेत तेच मोजमाप सल्लाशुल्काऐवजी बांधकामाच्या खर्चावर लावले की 50 कोटींच्या पुलाच्या संकल्पचित्रासाठी 15 कोटींची उलाढाल मागितली जाते, आणि मग देशातील आठ-दहा मोठ्या कंपन्या सोडून कोणी उरत नाही. त्या कंपन्या काम घेतात आणि प्रत्यक्ष संकल्पचित्र पुण्यातील किंवा नाशिकमधीलच एखादा छोटा समूह त्यांच्यासाठी करून देतो. महापालिका मोठ्या नावाचे शुल्क देते, आणि आकडेमोड करणाऱ्या माणसाशी तिची ओळखही होत नाही.

मूल्यमापनात मी सर्वांत अधिक वेळ देतो तो मनुष्यबळाच्या पानांना. कंपनीची माहितीपुस्तिका, चकचकीत छायाचित्रे आणि सादरीकरण यांवरून फारसे काही कळत नाही. काम करणार आहे तो पथकप्रमुख आणि दोन-तीन विषयतज्ज्ञ, त्यांच्या परिचयपत्रांवरून बरेच कळते. परिचयपत्रावर प्रत्येक पानाला सही आहे का, ती अलीकडच्या तारखेची आहे का, ‘उपलब्ध राहीन’ असे हमीपत्र आहे का हे पाहावे. एकाच भूतांत्रिक (जमीन आणि पाया तपासणाऱ्या) तज्ज्ञाचे परिचयपत्र एकाच निविदेत दोन प्रतिस्पर्ध्यांनी जोडलेले मी पाहिले आहे. दोन्हीकडील सह्या एकमेकींशी जुळत नव्हत्या आणि त्या गृहस्थांना फोन लावला तेव्हा दोन्ही कंपन्यांची नावे त्यांनी प्रथमच ऐकली. त्यापेक्षा नेहमीचा प्रकार म्हणजे काम मिळेपर्यंत 25 वर्षांच्या अनुभवाचा पथकप्रमुख आणि कार्यादेश हाती पडताच ‘वैयक्तिक कारणास्तव’ त्याच्या जागी नवा माणूस. यावर उपाय करारातच हवा : बदली माणसाचे गुण मूळ माणसाइतके किंवा अधिक असावेत, आणि पहिल्या बदलानंतर प्रत्येक वेळी शुल्कात कपात व्हावी.

शुल्क कसे ठरवावे याबद्दल माझे मत स्पष्ट आहे. प्रकल्पखर्चाच्या टक्केवारीत शुल्क देण्याची आपली जुनी सवय आहे, आणि ती सोडली पाहिजे. ज्याच्या अहवालातून खर्च ठरतो त्याचेच उत्पन्न खर्चाबरोबर वाढत असेल, तर योग्य गाळा निवडून पोलाद वाचविण्याची बुद्धी त्याला कोणी का द्यावी? ठोक रक्कम ठरवून ती टप्प्यांशी जोडणे हाच बरा मार्ग आहे : प्रारंभिक अहवाल, सर्वेक्षण आणि भूतांत्रिक चाचण्या, मसुदा अहवाल, तांत्रिक मान्यता, निविदा दस्तऐवज, आणि शेवटचा हप्ता बांधकामातील शंकांचे निरसन पूर्ण झाल्यावर. यात तांत्रिक मान्यतेशी फार मोठा हप्ता बांधू नये, कारण ती फाइल दुसऱ्या कार्यालयात पडून राहिली तर त्याचा भुर्दंड सल्लागाराला बसतो आणि तो हा धोका पुढील वेळी दरात धरतो. जाता जाता कराचेही सांगतो : शहराला सोपविलेल्या कार्यांशी संबंधित निव्वळ सेवा स्थानिक प्राधिकरणाला दिल्यास वस्तू व सेवा करातून सूट आहे, पण कंपनी किंवा अन्य मालक असल्यास स्थिती निराळी असू शकते. शुल्क करासह की करावेगळे याचा उल्लेख आरएफपीत नसल्यामुळे तुलनेचाच घोळ झालेला मी पाहिला आहे.

पण ज्याकडे सर्वांत दुर्लक्ष होते तो भाग म्हणजे कामाची व्याप्ती. नाशिकच्या जमिनीखाली बेसॉल्टचा खडक आहे, पण तो किती खोलीवर लागेल हे नदीच्या एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत बदलते. मधे काळी माती, मुरूम, भराव असे काहीही असू शकते. व्याप्तीत ‘आवश्यक तेवढी भूतांत्रिक तपासणी’ असे लिहिले की कमी शुल्क भरणारा सल्लागार दोन बोअर (जमिनीतील तपासणीची छिद्रे) घेऊन मोकळा होतो. प्रत्येक खांबाच्या ठिकाणी एक बोअर, खडकात किमान किती मीटरपर्यंत, आणि त्याचे देयक प्रत्यक्ष मोजमापाने स्वतंत्र, असे लिहिले तर सर्वांचे दर एकाच कामाचे येतात. जुन्या शहरातील भूमिगत वाहिन्यांचेही तसेच आहे. रस्ता खोदल्यावर नकाशात नसलेली जलवाहिनी किंवा केबल सापडते, काम थांबते, आणि ठेकेदार मुदतवाढ मागतो. स्मार्ट रस्त्याचे लांबलेले काम नाशिककर विसरलेले नाहीत. खोदण्यापूर्वी भूमिगत रडारने पाहणी करून घ्यायला लागणारा खर्च मुदतवाढीच्या तुलनेत किरकोळ असतो, पण तो सल्लागाराच्या व्याप्तीत लिहिलेला असेल तरच होतो.

नदीकाठच्या कामांत व्याप्तीला पूररेषेचा आधार लागतो. सप्टेंबर 2008 च्या महापुरानंतर गोदावरीच्या निळ्या आणि लाल पूररेषा शहरात सर्वांच्या तोंडी आल्या. त्यापूर्वी पाणी किती चढले हे लोक गोदाकाठच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून सांगत, अजूनही सांगतात. पुलाच्या किंवा घाटाच्या अहवालात कोणत्या पूरविसर्गासाठी जलीय गणित करायचे, गंगापूर धरणातून सुटणारे पाणी आणि खालच्या नाल्यांचे पाणी एकत्र धरायचे की नाही, हे आरएफपीत नसेल तर प्रत्येक सल्लागार आपापल्या सोयीचा आकडा धरतो. मलनिस्सारणातही असेच आहे. राष्ट्रीय हरित लवादाने 2019 मध्ये प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यातील बीओडी (सेंद्रिय प्रदूषणाचे माप) लिटरला 10 मिलिग्रॅमपर्यंत आणण्याचा आग्रह धरला. तपोवन आणि आगरटाकळी येथील जुनी केंद्रे ज्या निकषांवर उभी राहिली, त्यांपेक्षा हे कितीतरी कडक आहे. आज एखाद्या केंद्राचा अहवाल मागविताना निकष बदलल्यास फेरसंकल्पन कोणाच्या खर्चाने होणार, हे वाक्य नसेल तर भांडण ठरलेलेच. नाशिकचे एक भाग्य असे की दिंडोरी रस्त्यावर महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्था आणि मध्यवर्ती संकल्पचित्र संघटना या जलसंपदा विभागाच्या दोन जाणत्या संस्था आहेत. चाचण्या आणि जलीय तपासणीसाठी त्यांचा उपयोग महापालिकेने आजवर केला त्याहून पुष्कळ अधिक करता येईल, असे मला वाटते.

हितसंबंधांबाबत एकच नियम पुरेसा आहे, पण तो काटेकोर पाळला पाहिजे : ज्याने प्रकल्प अहवाल केला त्याने किंवा त्याच्या भगिनी कंपनीने त्या कामाचा ठेका भरू नये, आणि ठेकेदाराशी आर्थिक संबंध असलेल्याने प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार म्हणून मोजमापे तपासू नयेत. तरीही मोजमाप पुस्तकावरील जबाबदारी शाखा अभियंत्याची आणि उपअभियंत्याचीच राहते. सल्लागाराने तपासले म्हणून आम्ही सही केली, हा बचाव चौकशीत टिकत नाही.

सिंहस्थाच्या कामांत अल्प मुदतीच्या निविदांचा सुळसुळाट होतो. प्रस्ताव सादर करण्यास प्रसिद्धीपासून साधारणतः किमान तीन आठवडे द्यावेत असे केंद्राचे वित्तीय नियम सांगतात. सात दिवसांत जागा पाहून, पथक जमवून, विचारपूर्वक प्रस्ताव कोणी लिहू शकत नाही. ज्याला आधीपासून माहिती आहे तोच लिहितो. सिंहस्थ 12 वर्षांनी येतो हे सर्वांना ठाऊक असताना घाई कशाची, असा प्रश्न मी बैठकीत विचारलेला आहे. उत्तर नेहमी निधी उशिरा आला असे असते, आणि बहुधा ते खरेही असते. परंतु सल्लागार नेमायला बांधकामाइतका निधी लागत नाही. अहवाल चार वर्षे आधी तयार ठेवता येतात.

आता आपल्या संस्थेविषयी. पहिल्याच वर्षी महापालिकेच्या मोठ्या आरएफपीत उतरण्याचा हट्ट करू नये. उलाढालीच्या अटीवरच प्रस्ताव बाद होईल. संरचनात्मक तपासणी, लहान इमारती, सर्वेक्षण अशा कामांसाठी महापालिका आणि इतर शासकीय कार्यालये वेळोवेळी पॅनेल तयार करतात. त्यात नाव घालावे. आपल्यापैकी कोणी ठेकेदारीकडे वळणार असेल, तर सार्वजनिक बांधकाम विभागात सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी करता येते. तेथे लहान कामांचे वाटप मजूर सहकारी संस्था, बेरोजगार अभियंते आणि खुले ठेकेदार यांत ठरावीक प्रमाणात होते. मोठ्या सल्लागाराबरोबर जायचे असेल तर तोंडी उपकंत्राट घेऊ नये, संयुक्त भागीदारीत नाव आणि कामाचा हिस्सा लेखी घ्यावा. हिस्सा लिहिलेला नसेल तर तो अनुभव पुढे आपल्या नावावर धरला जात नाही.

राज्य शासनाच्या महाटेंडर्स या ई-निविदा संकेतस्थळावर प्रसिद्ध होणारे आरएफपी, काम भरायचे नसले तरी, उतरवून वाचावेत. निविदापूर्व बैठकीला जावे आणि शंका तोंडी न विचारता लेखी द्यावी, कारण लेखी शंकेचे उत्तर शुद्धिपत्रकात येते आणि मग ते सर्वांवर बंधनकारक होते. उलाढालीची अट बांधकामाच्या खर्चावर लावली असेल तर ती सल्लाशुल्कावर लावावी, अशी मागणी याच टप्प्यावर करायची असते. प्रस्ताव उघडल्यानंतर तिला कोणी विचारत नाही. काम हातचे गेले तर तांत्रिक मूल्यमापनाचा तक्ता माहितीच्या अधिकारात मागवावा. आपल्याला कोणत्या रकान्यात किती गुण मिळाले हे पाहून पुढच्या प्रस्तावात काय सुधारायचे ते कळते, आणि समितीतील लोकही गुण देताना जरा सरळ बसतात.

कोणतेही काम पूर्ण झाले की पूर्णत्वाचे प्रमाणपत्र लगेच घ्यावे. त्यात कामाचे स्वरूप, रक्कम, सुरुवातीची आणि पूर्ततेची तारीख, आणि कार्यकारी अभियंत्याची सही व शिक्का नसेल तर छाननीत ते बाजूला पडते. अंतिम देयकासोबतच त्या प्रमाणपत्राचा अर्ज द्यावा. अधिकाऱ्याची बदली झाल्यावर नवा अधिकारी आपण न पाहिलेल्या कामावर सही करायला कचरतो.